लाईट झपकन जाऊन येते तेव्हा: मोटर, स्टार्टर आणि ड्राइव्ह यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरज-कुपवाड भागात पॅनेल बांधणं आणि मोटरी भरणं (जळालेलं वायंडिंग, म्हणजे आतलं तारेचं गुंडाळं, नवीन घालणं) हा आमचा रोजचा धंदा. वळवाचे ढग दिसायला लागले की फोन वाढतात. तासगावचे बागायतदार, विट्याचे लूमवाले, एमआयडीसीतले शॉपवाले, सगळ्यांचे प्रश्न फिरून तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. जे एका उत्तरात आलंय ते दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. डिप म्हणजे नेमकं काय? लो व्होल्टेजच ना?

दोन्ही वेगळे. संध्याकाळी सगळ्यांचे पंप चालू असताना मीटरवर ४१५ ऐवजी ३५० दिसतात आणि तासभर तसेच राहतात, ते लो व्होल्टेज. डिप म्हणजे व्होल्टेज एकदम ९० टक्क्यांच्या खाली पडून लगेच पूर्ववत होणं. व्याख्येप्रमाणे अर्ध्या सायकलपासून एका मिनिटापर्यंतची घसरण डिपमध्ये मोडते. आपल्या ५० हर्ट्झच्या लाईटला एक सायकल २० मिलिसेकंदांची, आणि आपल्याकडे दिसणारे बहुतेक डिप सेकंदाच्या आतच संपतात. १० टक्क्यांच्याही खाली गेलं तर तो डिप न म्हणता लाईट जाणं म्हणायचं.

फरक एवढ्यासाठी करायचा की लो व्होल्टेज वायंडिंगला हळूहळू भाजतं आणि डिप कंट्रोलला दणका देतो. दोघांचे इलाज वेगळे आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पैसे वाया (प्रश्न १० पाहा).

२. आमच्या फीडरवर काही बिघाड नाही, लाईनमन पण तेच सांगतो. मग डिप येतो कुठून?

बहुतेक वेळा शेजारच्या फीडरवरून. एका सबस्टेशनमधून ११ केव्हीचे चार-पाच फीडर निघतात आणि सगळे एकाच बसबारला, म्हणजे सबस्टेशनमधल्या सामाईक जाड पट्टीला, जोडलेले असतात. त्यातल्या एकावर वाऱ्याने तारा एकमेकींना भिडल्या, फांदी पडली किंवा उसाच्या शेंड्याला तार लागली की त्या जागी प्रचंड करंट ओढला जातो. ब्रेकर उघडेपर्यंतच्या त्या क्षणभरात अख्ख्या बसबारचं व्होल्टेज खाली येतं. ज्याच्या फीडरवर दोष आहे त्याची लाईट जाते आणि बाकीच्यांची नुसती डोळा मारते. लाईनमन खोटं बोलत नाही, तुमच्या फीडरवर खरंच काही झालेलं नसतं.

दुसरं कारण म्हणजे जवळची मोठी मोटर चालू होणं. ती तुमचीच असेल तर प्रश्न ११ वाचा.

३. डिपमध्ये मोटरला काय होतं? ती जळू शकते का?

इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. व्होल्टेज ९० टक्के झालं की टॉर्क ८१ टक्के, ८० झालं की ६४, ७० झालं की ४९. ऐकायला भयंकर वाटतं. पण मोटरची जास्तीत जास्त ताकद तिच्या नेहमीच्या भाराच्या साधारण दोन ते अडीच पट असते. ७० टक्क्यांवर त्या ताकदीचा निम्मा भाग उरला, तरी नेहमीचा भार ती कशीबशी ओढते. शिवाय रोटर आणि त्याला जोडलेलं चाक फिरत असतं, ते एका क्षणात थांबत नाही. १४४० आरपीएमची मोटर पाच सायकलच्या डिपमध्ये थोडी हळू होते, करंट जास्त घेते आणि व्होल्टेज परत आलं की घोटभर जास्त करंट पिऊन पुन्हा वेग पकडते.

एकट्या छोट्या डिपने जळालेली मोटर भरायला आलेली मला आठवत नाही. डिपनंतर जे झालं त्याने जळालेल्या मात्र बऱ्याच आल्या (प्रश्न ७ आणि ८).

भार कसला आहे यावरही अवलंबून आहे. सेंट्रिफ्युगल पंपाचा आणि पंख्याचा भार वेगाबरोबर झपाट्याने कमी होतो, म्हणून ते डिप सोसतात. पिस्टनचा कॉम्प्रेसर किंवा भरलेला कन्व्हेयर वेग कमी झाला म्हणून सवलत देत नाही. तिथे मोटर बसू शकते.

४. मोटर एवढी दणकट, तर मग बंद का पडते?

कारण मोटर बंद पडत नाही, तिचा कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला चुंबकावर चालणारा स्विच) सुटतो.

एकदा मेन बंद करून कॉन्टॅक्टर उघडून बघा. आत ई आकाराचे लोखंडी पत्र्यांचे दोन भाग दिसतील. एक स्थिर, त्यावर कॉइल. दुसरा स्प्रिंगवर तरंगणारा, त्याला कॉन्टॅक्ट जोडलेले. कॉइलमध्ये करंट असेपर्यंत वरचा भाग स्प्रिंग दाबून खालच्याला चिकटून राहतो. २० एचपीची मोटर असो की ५ एचपीची, तिचं चालू राहणं मुठीएवढ्या या चुंबकावर टांगलेलं असतं.

मानकाप्रमाणे कॉन्टॅक्टरने कॉइलच्या व्होल्टेजच्या ८५ ते ११० टक्क्यांत खात्रीने ओढलं पाहिजे आणि ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी सोडलं पाहिजे. ‘कुठेतरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्यक्षात बरेचसे एसी कॉन्टॅक्टर ५० ते ७० टक्क्यांच्या आसपास एक-दोन सायकलमध्ये सुटतात. सुटला की कॉइलला करंट देत राहणारा त्याचा होल्डिंग कॉन्टॅक्टही उघडतो आणि व्होल्टेज परत आलं तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय तो ओढत नाही. तोवर मोटर अजून जवळजवळ पूर्ण वेगात फिरत असते. पॅनेलमधले छोटे प्लग-इन रिले (सिग्नलचे छोटे चुंबकी स्विच) तर कॉन्टॅक्टरच्याही आधी सुटतात.

५. डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) एकच, मोटर सारखीच, कंपनीचा स्टार्टरही तोच. शेजाऱ्याची चालू राहते आणि माझीच बंद पडते. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा शेजाऱ्याने काहीतरी जुगाड केल्याचा संशय असतो.

डिप तिन्ही फेजवर सारखा येईलच असं नाही. ११ केव्हीवर एकच तार जमिनीला लागली असं धरा. आपली डीपी डेल्टा-स्टार असते, म्हणजे वरचं वायंडिंग दोन-दोन फेजमध्ये आणि खालचं फेज-न्यूट्रलमध्ये, त्यामुळे वरचा एका फेजचा दोष खाली दोन फेजवर उतरतो. वरची एक फेज पार शून्य झाली तर आपल्याकडे न्यूट्रलला मोजलेली व्होल्टेजेस साधारण ५८, १०० आणि ५८ टक्के होतात. दोन फेजमध्ये मोजली तर दोन जोड्यांत ८८ टक्के आणि तिसऱ्या जोडीत फक्त ३३.

आता कॉइल कुठे लागली आहे ते बघा. शेतीपंपाच्या स्टार्टरची ४१५ व्होल्टची कॉइल दोन फेजवर असते. तुमची कॉइल ३३ टक्केवाल्या जोडीवर असेल तर ती सुटणारच, आणि शेजाऱ्याची ८८ वर असेल तर तिला काही कळतही नाही. २३० व्होल्टच्या कॉइलचंही तसंच. एक फेज शाबूत आहे, बाकी दोन्ही ५८ वर लोंबकळतात. दोष लांब असेल तर आकडे यापेक्षा बरे असतात, पण तऱ्हा हीच.

हे समजल्यावर लोक लगेच कॉइलची वायर दुसऱ्या फेजवर टाकतात आणि आठवडाभर खुश असतात. पुढच्या वेळी दोष दुसऱ्या फेजवर येतो आणि मग शेजारी फोन करतो. अमुक फेजवरच दोष जास्त येतो अशी काही महिन्यांची नोंद तुमच्याकडे असेल तरच फेज बदलण्यात अर्थ आहे. नाहीतर प्रश्न ९ मधला इलाज करा.

६. डिपमध्ये स्टार्टर सुटत नाही, पण तडतडतो. चालेल का?

नाही. सुटलेला परवडला. एसी कॉइलचा चुंबक पूर्ण चिकटलेला नसेल तर ती नेहमीच्या कित्येक पट करंट घेते आणि मिनिटा-दोन मिनिटांत वितळते. इकडे मुख्य कॉन्टॅक्ट उघडझाप करत ठिणग्या काढतात, त्यांना खड्डे पडतात आणि एखाद दिवशी तिन्हीपैकी एक चिकटून बसतो. मग स्टॉप दाबूनही ती फेज चालू राहते.

डिप नसतानाही तडतड असेल तर चुंबकाच्या तोंडावर मुंगी किंवा धूळ आहे का, तांब्याची छोटी शेडिंग रिंग तुटली आहे का ते बघा. विहिरीवरच्या टाकीच्या फ्लोट स्विचपर्यंत कंट्रोलची बारीक वायर पाचशे फूट नेलेली असते, तिथेही व्होल्टेज मरतं. मुंग्यांचं म्हणाल तर आमच्याकडे येणाऱ्या शेतीच्या स्टार्टरमध्ये हे कारण नेहमीचंच आहे. त्यांना ती कोमट पेटी फार आवडते.

७. व्होल्टेज पडण्यापेक्षा परत येणं जास्त धोक्याचं, हे खरं का?

खरं आहे. लाईट तुटली तरी फिरत्या मोटरमधलं चुंबकत्व लगेच मरत नाही. थोडा वेळ ती मोटर जनरेटरसारखी स्वतःचं व्होल्टेज तयार करत असते. वेग उतरतो तसं हे व्होल्टेज लाईनच्या लयीतून मागे सरकत जातं. नेमकं उलट्या लयीत असताना लाईट परत जोडली गेली तर दोन्ही व्होल्टेजेसची बेरीज होते आणि करंट व टॉर्क यांचा झटका साध्या स्टार्टिंगपेक्षाही मोठा बसतो. कपलिंगचे रबर फाटणं, किल्ली कातरली जाणं, वायंडिंगची टोकं हलणं, फ्यूज उडणं, हे सगळे त्या एका ठोक्याचे परिणाम.

जुना नियम असा, की मोटरचं उरलेलं व्होल्टेज २५ टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय परत जोडू नये. लहान मोटरला सेकंदाच्या आत हे होतं, मोठ्या मोटरला काही सेकंद लागतात. टर्मिनलवर कपॅसिटर असेल तर आणखी उशीर (प्रश्न १७).

८. लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो स्विच लावू का? रात्री दोनला लाईट येते, शेतात कोण जाणार?

अडचण खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. रात्रीच्या पाळीत बिबट्याच्या भीतीने माणूस घराबाहेर पडत नाही हे मलाही माहीत आहे. पण हिशेब बघा. १०० केव्हीएच्या डीपीचा पूर्ण भाराचा करंट १३९ अँपिअर. तिच्यावर ५ एचपीच्या दहा मोटरी धरा, प्रत्येकी साधारण साडेसात अँपिअर, म्हणजे चालताना ७५. छान चाललंय. आता डिप आला, दहाही सुटल्या आणि दहाही ऑटोने एकाच क्षणी उठल्या. डायरेक्ट स्टार्टिंगला सहा पट धरले तर ४५० अँपिअर. व्होल्टेज पुन्हा कोसळतं, कुठलीच मोटर वेग पकडत नाही, सगळ्या गुरगुरत बसतात, आणि शेवटी डिओ (डीपीचा वरचा फ्यूज) उडतो किंवा डीपीच जाते. जळालेली डीपी बदलून येईपर्यंत पीक वाळतं ते वेगळंच. महावितरण ऑटो स्विच काढा म्हणून सतत सांगते ते याचसाठी.

लावायचाच असेल तर उशिरा चालू करणारा टायमर असलेला लावा, आणि डीपीवरच्या सगळ्यांनी बसून वेळा वाटून घ्या. पहिल्याचा एक मिनिट, दुसऱ्याचा दीड, तिसऱ्याचा दोन. एका वस्तीवर आम्ही हे करून दिलं. टायमरच्या खर्चापेक्षा पहिला नंबर कुणाचा यावर जास्त वेळ गेला, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

९. डिपमध्ये कॉन्टॅक्टर सुटूच नये म्हणून काय करता येतं?

आधी हे लक्षात घ्या की मोटरला काही द्यायचं नाहीये. सांभाळायचंय ते फक्त कंट्रोल, आणि ते काही वॅट खातं. म्हणून इलाज स्वस्त आहेत.

एक, कॉइलवर डिले युनिट. त्यात कपॅसिटर असतो आणि तो अर्धा-एक सेकंद कॉइल धरून ठेवतो. दोन, इलेक्ट्रॉनिक कॉइलचा कॉन्टॅक्टर. त्याचं व्होल्टेज चालण्याचं अंतर रुंद असतं. तीन, सगळं कंट्रोल २४ व्होल्ट डीसीवर नेणं आणि पॉवर सप्लायला बफर देणं. नवीन पॅनेल असेल तर मी हेच सुचवतो. चार, कंट्रोल ट्रान्सफॉर्मरच्या जागी सीव्हीटी, म्हणजे कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर. हा घेताना कॉइलच्या भाराच्या निदान दोन-अडीच पट क्षमतेचा घ्या, कारण कॉन्टॅक्टर ओढतानाचा करंट त्याला झेपत नाही आणि तो गप्पकन बसतो. पाच, कंट्रोलपुरता छोटा यूपीएस.

दोन अटी. धरून ठेवण्याची वेळ एका सेकंदापेक्षा वाढवू नका. नाहीतर लाईट खरंच गेली आणि परत आली तरी कॉन्टॅक्टर जोडलेलाच राहील आणि प्रश्न ७ मधला ठोका बसेल. दुसरं, स्टॉप आणि इमर्जन्सी बटण डिले युनिटच्या पुढे, कॉइलच्या बाजूला हवं. ते मागे राहिलं तर बटण दाबल्यावरही मशीन सेकंदभर चालत राहतं. बोटं जायला एक सेकंद खूप होतो.

१०. चांगला महागाचा सर्व्हो स्टॅबिलायझर बसवला, तरी मशीन बंद पडतंय.

सर्व्होमध्ये छोटी मोटर ब्रश सरकवून व्होल्टेज सुधारते. तिला सेकंद लागतात आणि डिप सेकंदाच्या आत संपलेला असतो. ती जागी होईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. लो व्होल्टेजला सर्व्हो उत्तम, डिपला शून्य.

११. दुसरं कुणी नाही, माझीच मोटर चालू करताना घरचे दिवे मंद होतात आणि कधीकधी स्टार्टर सुटतो.

हा डिप तुम्हीच तयार करताय, आणि तो बहुधा केबलमध्ये तयार होतोय. १० एचपीची मोटर नदीला आणि मीटर ५०० मीटरवर, मध्ये १६ चौरस मिमीची अॅल्युमिनियम केबल, असं धरा. एका तारेचा रोध जवळजवळ एक ओहम. चालताना १४ अँपिअरला साधारण २० व्होल्ट केबलमध्ये पडतात. चालू करताना सहा पट करंट येतो, पण त्याचा पॉवर फॅक्टर हलका असल्याने घट सहा पट न होता पन्नास-साठ व्होल्ट होते. संध्याकाळी मुळात ३६० असतील तर मोटरपाशी ३०० उरतात.

स्टार-डेल्टा स्टार्टरने (आधी स्टारमध्ये हळू उठवून मग डेल्टावर टाकणारा) सुरुवातीचा करंट एक तृतीयांश होतो, पण टॉर्कही. व्होल्टेज ८० टक्के असेल तर स्टारमध्ये टॉर्क २१ टक्केच मिळतो. रिकाम्या पंपाला पुरतो, भरलेल्या यंत्राला नाही. मोटर अर्ध्या वेगात अडकलेली असताना टायमर डेल्टावर टाकतो आणि मग पूर्ण झटका बसतोच. खरा इलाज जाड केबल. लोक मोटरवर दहा हजार जास्त घालतील पण केबलवर हात आखडतात.

१२. ड्राइव्ह बसवल्यापासून मोटर पूर्वीपेक्षा जास्त वेळा बंद पडते. ड्राइव्ह खराब आहे का?

बहुधा नाही, तो फक्त जास्त चोखंदळ आहे. ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, आधी एसीचं डीसी करतो. ४१५ व्होल्टला आत साधारण ५८७ व्होल्ट डीसी तयार होतं आणि कपॅसिटरमध्ये साठतं. डिप आला की मोटर त्या साठ्यावर चालते, आणि पूर्ण भाराला तो साठा एखाद-दोन सायकलचा असतो. डीसी साधारण ४०० च्या आसपास आलं की ड्राइव्ह अंडरव्होल्टेज म्हणून हात वर करतो. नेमका आकडा कंपनीप्रमाणे बदलतो. निम्म्या भाराची मोटर म्हणूनच जास्त वेळ तग धरते.

प्रश्न ५ मधला असमान डिप आला तर ८८ टक्केवाल्या जोड्या डीसी भरत राहतात, म्हणून बऱ्याचदा ड्राइव्ह अंडरव्होल्टेज न दाखवता ‘इनपुट फेज लॉस’ दाखवतो. डिस्प्लेवरचा फॉल्ट लिहून ठेवा, नुसतं ‘ट्रिप झाला’ सांगू नका.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी शोधा. कायनेटिक बफरिंग: डिपमध्ये ड्राइव्ह मोटरचा वेग किंचित उतरवून तिच्याच फिरण्यातून डीसी भरतो. ब्लोअर, मोठा पंखा, फ्लायव्हील असेल तर झकास चालतं. पाणबुडी पंपाला फिरण्यात साठाच नसतो, तिथे काही हाती लागत नाही. फ्लाइंग स्टार्ट: फिरत्या मोटरचा वेग ओळखून तिथूनच पकडणं. हे बंद असेल तर ड्राइव्ह फिरती मोटर शून्यापासून उचलायला जातो आणि ओव्हरकरंटवर पडतो. तिसरं, ऑटो रीसेट. दोन-तीन वेळांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि कुठे ठेवू नये ते प्रश्न १९ मध्ये आहे.

डिपनंतर रिकामे कपॅसिटर एकदम भरतात तो झटका इनपुटच्या डायोडवर येतो. ड्राइव्हच्या आधी लाईन चोक (करंटचा झटका मंदावणारी कॉइल) टाकला तर डायोड वाचतात. ५ एचपीच्या वरच्या ड्राइव्हला चोक नको म्हणणाऱ्याचं मी ऐकत नाही.

१३. सीएनसीचा स्पिंडल फिरत राहतो पण कंट्रोल रीसेट होतो आणि जॉब जातो.

साखळीतली सगळ्यात कच्ची कडी शोधायची. कुपवाडच्या एका शॉपमध्ये महिनाभर सगळे स्पिंडल ड्राइव्हला दोष देत होते. प्रत्यक्षात हायड्रॉलिक पॅकच्या प्रेशरचा सिग्नल देणारा एक २३० व्होल्टचा प्लग-इन रिले सुटत होता. पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) वाटायचं प्रेशर गेलं, आणि तो शहाण्यासारखं सगळं थांबवायचा. रिले २४ व्होल्ट डीसीचा टाकला, काम झालं. आधी कंट्रोल यूपीएसवर घ्या आणि आठवडाभर बघा. तरीही थांबत असेल तरच ड्राइव्हकडे वळा.

१४. नदीवरची मोटर डिपने बंद पडली, लगेच चालू केली आणि शाफ्टच तुटली. असं होऊ शकतं?

होतं. मोटर थांबली की पाईपमधलं पाणी मागे फिरतं. एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारी झडप) नीट बसत नसेल तर ते पाणी पंपाला उलटं फिरवतं. उलट्या फिरणाऱ्या पंपाला सुलट सुरुवात दिली की शाफ्ट, कपलिंग, इम्पेलरची किल्ली यांपैकी जे कच्चं असेल ते तुटतं. भिलवडीजवळ कृष्णाकाठच्या एका लिफ्ट इरिगेशनवर मी स्वतः हात लावून पाहिलं होतं. स्टॉप केल्यावर कपलिंग थांबलं, क्षणभर स्तब्ध राहिलं आणि मग संथपणे उलटं फिरायला लागलं, पंखा घरघरत. एनआरव्हीच्या झडपेत बाभळीचं ढलपं अडकलं होतं.

लांब पाईप असेल तर पुन्हा सुरू करायला निदान दोन-तीन मिनिटांचा टायमर ठेवा, आणि एनआरव्ही वर्षातून एकदा उघडा.

१५. कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर, घरचा एसी यांचं काय?

बंद पडल्यावर गॅसचं प्रेशर समान व्हायला साधारण तीन मिनिटं लागतात. त्याआधी चालू केला तर मोटर प्रेशरविरुद्ध उठत नाही, गुरगुरते आणि ओव्हरलोडवर जाते. बेदाण्याच्या स्टोरेजमध्ये अनेक कॉम्प्रेसर असतील तर त्यांनाही ओळीने उठवा, कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

एक मजेशीर अपवाद सिंगल फेज स्क्रोल कॉम्प्रेसरचा. छोट्या डिपमध्ये आतला गॅस त्याला उलटा ढकलतो आणि नेमक्या त्याच वेळी लाईट आली तर तो उलटाच चालू राहतो. खडखड आवाज येतो, गारवा येत नाही, मेकॅनिक म्हणतो गॅस संपला. पाच मिनिटं बंद करून चालू करा, गॅस ‘परत येतो’.

१६. ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) डिपमध्ये ट्रिप व्हायला हवेत की नको?

बायमेटल ओव्हरलोड रिले (तापून वाकणाऱ्या पट्टीचा) ट्रिप होत नाही आणि होऊही नये. क्लास १० चा रिले ७.२ पट करंटलासुद्धा ४ ते १० सेकंद घेतो. डिपमध्ये तो पडत असेल तर सेटिंग कमी आहे किंवा मोटर मुळातच ओव्हरलोड आहे.

प्रिव्हेंटरला मात्र प्रश्न ५ मधला डिप एक फेज गेल्यासारखाच दिसतो. त्यात दोन-तीन सेकंदांचा उशीर असेल तर तो डिप ओलांडून जातो. त्याहून जास्त ठेवू नका, कारण असमान व्होल्टेजला करंटची असमानता सहा ते दहा पट होते आणि वायंडिंग पटकन तापतं. आणखी एक खोच: नुसतं व्होल्टेज बघणारा प्रिव्हेंटर चालत्या मोटरवर फसू शकतो, कारण गेलेल्या फेजवर मोटर स्वतःच बऱ्यापैकी व्होल्टेज तयार करते. करंट बघणारा घ्या.

१७. कंडेन्सर (कपॅसिटर) लावला की डिप कमी होतो का?

नाही. कपॅसिटरची ताकदही व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे गरजेच्या वेळीच तो मागे हटतो. लो व्होल्टेजला त्याचा उपयोग आहे, तारेतला करंट कमी होतो, म्हणून जरूर लावा. मात्र मोटरच्या टर्मिनलवर वाजवीपेक्षा मोठा लावलात तर कॉन्टॅक्टर सुटल्यावर तो मोटरचं चुंबकत्व जिवंत ठेवतो आणि प्रश्न ७ मधला धोका लांबतो. मोटरच्या नो-लोड करंटपेक्षा कपॅसिटरचा करंट कमीच हवा.

१८. डिप आला हे सिद्ध कसं करू? मल्टीमीटरवर तर ४१० दिसतात.

साधा मल्टीमीटर सेकंदातून दोन-तीनदा वाचतो, त्याला पाच सायकलचा डिप दिसणारच नाही. जलद मिन-मॅक्स असलेला मीटर किंवा भाड्याचा अॅनलायझर आठवडाभर लावा. तेही नसेल तर पॅनेलजवळ तीन फेजना तीन जुने पिवळे बल्ब लावा. एलईडी नकोत, त्यांच्या आतला ड्रायव्हर डिप गिळून टाकतो आणि प्रकाश हलतही नाही. कोणते बल्ब मंद झाले आणि किती वाजता, ते वहीत लिहा. सबस्टेशनला फीडर ट्रिप झाल्याची वेळ नोंदलेली असते. दोन्ही वेळा जुळल्या तर तुमच्या तक्रारीला वजन येतं. मोबाईलचं घड्याळ प्रमाण माना, भिंतीवरचं नको.

१९. आमच्या कडबाकुट्टीलाही डिले किंवा ऑटो बसवून द्या, सारखी बंद पडते.

हे आम्ही करून देत नाही. कडबाकुट्टी, लाकडाची करवत, पॉवर प्रेस, पीठ-मसाल्याची गिरणी, जिथे माणसाचा हात यंत्राजवळ जातो तिथे लाईट गेल्यावर स्टार्टर सुटणं ही सुरक्षाच आहे. लाईट गेली म्हणून अडकलेला कडबा काढायला बाई हात घालते, आणि त्याच क्षणी लाईट येते. ड्राइव्हचा ऑटो रीसेटही अशा यंत्राला बंदच ठेवायचा. सारखी बंद पडत असेल तर पात्यांना धार लावून घ्या, पट्टा बघा, केबल बघा, कॉइल कोणत्या फेजवर आहे ते बघा. मात्र हिरवं बटण हातानेच दाबायचं.